माकुलाच्या पिल्लांना जवळ्याची पूड चालत नाही

‘माकूल पाळणं गोल्डफिशपेक्षा सोपं’ असा एक मेसेज महिनाभर सगळीकडे फिरतोय. माकूल म्हणजे कटलफिश, शाई सोडणारा समुद्री जीव. माझ्या भाच्याने तो खरा मानला. जाळ्याच्या दोराला चिकटून आलेला अंड्यांचा घड त्याने घरी आणला. अकरा पिल्लं बाहेर आली, आठवड्यात एकही उरलं नाही. पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही, म्हणून हे लिहितोय.

त्यातला सगळ्यात घातक सल्ला म्हणजे ‘सुका जवळा कुटून दिवसातून एकदा टाका’. अहो, हे पिल्लू हरभऱ्याच्या डाळीएवढं असलं तरी जन्मापासून शिकारी असतं! समोर काही जिवंत हललं की दोन लांब भुजा बाणासारख्या सोडून ते धरतं. पूड नुसती तरंगते, मग कुजून पाणी नासवते. मी स्वतः पाहिलं: तळाच्या वाळूवर एक पिल्लू बसलं होतं, पुढून जवळ्याचा कण गेला, त्याने डोळा वळवला आणि ते मागे सरकलं. चहूकडे खाणं आणि पोट रिकामं. केरळात विळिंजमला केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात आपल्याकडे मिळणाऱ्या फॅरो जातीच्या माकुलाचीच अंडी उबवून पिल्लं मोठी केली, २००५ साली त्यावर शोधनिबंधही आला. त्यांनीसुद्धा सुरुवातीला जिवंत मायसिडच घातले. मायसिड म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा इवलासा जीव. माकूल मेलेली कोळंबी खातं हे खरं, तेवढं मान्य करतो. पण ते मोठं झाल्यावर आणि हळूहळू सवय लावल्यावर. पहिल्या आठवड्यात नाही.

‘नळाच्या पाण्यात खडेमीठ घाला.’ समुद्राचं पाणी म्हणजे मिठाचं पाणी नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असतं, आणि याच्या पाठीतला समुद्रफेस, म्हणजे आतलं पांढरं कवच, कॅल्शियमचाच बनतो. शिवाय नव्या टाकीत घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला काही आठवडे जातात. मेसेजवाला म्हणतो, अंडी आणा आणि सोडा.

‘शाई सोडली की पाणी शुद्ध होतं.’ साफ खोटं. बंद टाकीत शाई कल्ल्यांना त्रास देते, लगेच पाणी बदलावं लागतं.

‘आजारी वाटलं तर माशांचं तांब्याचं औषध घाला.’ तांबं या जिवाला विष आहे. माशाला वाचवणारा डोस याला मारतो.

राहिली ती ‘दोन फुटी टाकी जन्मभर पुरते’ ही थाप. पूर्ण वाढलेल्या फॅरो माकुलाचं नुसतं धड फूटभर भरतं. आणि जन्मभर म्हणजे तरी किती, साधारण वर्षभर.

परवा जाळ्याला पुन्हा घड आला. भाच्याने तो बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात ठेवला आणि होडी घेऊन निघालेल्या काकांकडे दिला, खडकांपाशी सोडायला.