उत्तेजनाला वेळापत्रक हवे

गरीब किंवा अल्पसंख्याक समाजातील मुलांनी कोडिंग शिकावे, असे आवाहन अमेरिकेतील तंत्रज्ञान क्षेत्रातले अनेक मान्यवर करत असतात. त्यांच्यात सिल्विया असेवेडो यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण मुलींना धीर देताना त्यांनी शिकण्याची सोयही लावून दिली.

मेक्सिकन वंशाच्या असेवेडो न्यू मेक्सिको राज्यातील लास क्रूसेस येथे बेताच्या परिस्थितीत वाढल्या. लहानपणी त्या गर्ल स्काऊट्समध्ये, म्हणजे आपल्या शाळांतील गाईडच्याच कुळातल्या संघटनेत, दाखल झाल्या. एका शिबिरात ही मुलगी आकाशाकडे टक लावून पाहत आहे हे पथकाच्या प्रमुख बाईंच्या लक्षात आले. त्यांनी तिला नक्षत्रे ओळखायला शिकवले आणि पुढे विज्ञानाचा बॅज, म्हणजे ठरावीक गोष्टी शिकून पूर्ण केल्यावर मिळणारा बिल्ला, मिळवण्याचे सुचवले. त्या बॅजसाठी तिने छोटे रॉकेट बनवले, ते पुन्हा पुन्हा फसले आणि अखेरीस उडाले. नंतर त्यांनी स्टॅनफर्डमधून अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली, नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत व्हॉयेजर 2 या अवकाशयानाच्या मोहिमेवर काम केले आणि मग आयबीएम, अ‍ॅपल, डेल अशा कंपन्यांत मोठी पदे सांभाळली. तुझ्यासारख्या मुली कॉलेजात जात नाहीत, असे त्यांना शाळेतील समुपदेशक बाईंनी ऐकवले होते. अशा शेऱ्याने किती मुली वाटेतच थांबल्या असतील, त्याची नोंद कोण ठेवणार?

मला या कहाणीतील जिद्दीपेक्षा तो बॅज महत्त्वाचा वाटतो. पुढची पायरी कोणती हे मुलीला ठाऊक होते, ठरलेल्या वेळी भेटणारी एक मोठी व्यक्ती होती आणि रॉकेट फसले तरी कोणी नापासाचा शिक्का मारणार नव्हते. सुखवस्तू घरात हे सारे आपसूक मिळते. इतरांसाठी ते कोणीतरी मुद्दाम उभे करावे लागते. प्यू संशोधन केंद्राच्या 2021 च्या अहवालानुसार अमेरिकेच्या एकूण नोकरदारांत हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या कुळांतील, लोक 17 टक्के होते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणिताशी संबंधित नोकऱ्यांत मात्र 8 टक्केच.

असेवेडो स्वतः गर्ल स्काऊट्सच्या मुख्याधिकारी झाल्या, तेव्हा संघटनेने 2017 मध्ये सायबर सुरक्षेच्या बॅजची घोषणा केली. अगदी बालवाडीच्या वयाच्या मुलींपासून त्याची सुरुवात होते. लहान मुली गोल बसून लोकरीचा गुंडा एकमेकींकडे देत जातात, त्यातून जे जाळे विणले जाते त्यावरून नेटवर्क म्हणजे काय हे त्यांना कळते, आणि या खेळाला संगणक लागत नाही. घरी लॅपटॉप नसलेली मुलगी पहिल्याच दिवशी मागे पडत नाही, ही मला या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

हे बॅज पालो आल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या सहकार्याने तयार झाले. कंपनीला उद्याचे कर्मचारी हवे असणार, हे उघड आहे, आणि मुलांच्या शिक्षणाचा आराखडा उद्योगाच्या गरजेवरून ठरू लागला की मी जरा सावध होतो. तरीही सरकारी शाळेत संगणकाचा शिक्षकच नसेल तेव्हा कंपनीच्या पैशाला नाक मुरडणे मला परवडणारे वाटत नाही.

असेवेडो यांच्या आणखी एका कामाची चर्चा कमी होते. टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात त्यांनी स्पॅनिशभाषक पालकांसाठी त्यांच्याच भाषेत शैक्षणिक मेळावे भरवले. कॉलेज म्हणजे काय आणि त्याच्या खर्चाची तोंडमिळवणी कशी करायची, हे आईवडिलांना समजले नाही तर मुलीने कोडिंगमध्ये मिळवलेली गती बारावीनंतर तिथेच अडते. म्हणून मुलांच्या कोडिंग वर्गांसाठी देणगी मागायला कोणी आले की मी आधी विचारतो, पालकांशी कोण बोलणार आहे आणि कोणत्या भाषेत?