डीटीएस आणि आमच्या भाच्याचा क्लेम

रामराम मंडळी. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन, "मामा, डीटीएसवर माझं नावच येईना." मला रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी आमच्या पट्ट्यातला कुठलाही पोरगा तिकिटात अडकला की फोन मलाच, कारण मी युनिटात क्लार्क होतो आणि शेवटची बरीच वर्षं हेच केलंय, पोरांची तिकिटं काढायची आणि पोरं परत आली की त्यांचे क्लेम, म्हणजे प्रवासखर्च परत मागायचे अर्ज, पाठवायचे. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

सिव्हिलवाल्यांसाठी, डीटीएस म्हणजे डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टीम, जवानांची सरकारी खर्चाची तिकिटं काढायची ऑनलाईन सोय. आधी कागदी वॉरंट मिळायचं, म्हणजे सरकारी खर्चानं तिकीट मिळायची चिठ्ठी. ते घेऊन स्टेशनावर लाईन लावा, खिडकीवरचा माणूस वॉरंट उलटंपालटं करून बघणार, झेलम एक्सप्रेसला जागा नसली की स्टेशनावरच्या एमसीओकडे, म्हणजे सैन्याच्या प्रवासाचं बघणाऱ्या ऑफिसात जाऊन कोट्यासाठी हातापाया पडा. पुण्यापासून जम्मूपर्यंत संडासाजवळ काळ्या ट्रंकेवर बसून गेलेली माणसं हे वाचत असतील. आता तिकीट युनिटातच निघतं, पैसे सरकार परस्पर भरतं, जवानाच्या खिशाला हात लागत नाही. त्यामुळं "सिस्टीमच भंगार आहे" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

अडतं कुठं ते सांगतो. भाच्याची पोस्टिंग झाली, जुन्या युनिटातून नव्या युनिटात गेला, पण जुन्या युनिटानं डीटीएसवर त्याला ट्रान्सफर आउट केलंच नव्हतं. म्हणजे माणूस इकडं, त्याचं प्रोफाइल तिकडं. नवं युनिट त्याला आत घेऊच शकत नाही. आणि त्याला आठ दिवसांत देवळालीला कोर्सला पोचायचं होतं. त्यानं काय केलं, तीन दिवस हेल्पलाईनला मेल केले. अरे बाबा, तिकडून उत्तर येणार की तुमच्या मास्टर युजरला, म्हणजे युनिटात डीटीएस सांभाळणाऱ्याला भेटा! जुन्या युनिटाच्या क्लार्कला एक फोन लावला असता तर पाच मिनिटांचं काम होतं, पण तिथल्या क्लार्कशी याचं निघताना भांडण झालेलं, म्हणून फोन लावायची लाज. शेवटी स्वतःच्या पैशानं तत्काळ काढून गेला. निघताना त्याला म्हणलं, डीटीएसवर तिकीट का निघालं नाही ते ऑफिसकडून लेखी घे, नुसतं साहेब हो म्हणले यावर जाऊ नको. तेवढं मात्र ऐकलं.

दुसरी भानगड खास आपल्याकडची. लग्नात आपण पोरीचं नाव बदलतो. माहेरची सुनीता, सासरी झाली वैष्णवी. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या लग्नाची वगैरे सैन्यातली नोंद, निघाली वैष्णवीच्या नावानं, डीटीएसमध्येही तेच चढलं, तिकीटही वैष्णवीचं, आणि आधार कार्डावर अजून सुनीता, तेही वडिलांच्या आडनावासकट. टीटीई विचारतो ही कोण? कडेवर पोरगं, नवरा एकटाच जम्मूला, बाई काय सांगणार? माझ्या काळात असे किती प्रकार झाले मोजलेले नाहीत, पण दर सुट्टीच्या हंगामात एखादा तरी ठरलेला. हौसेनं तांदळात नाव लिहा, त्याला कोण नको म्हणतंय, पण कागदावर एकच नाव ठेवा. नायतर पार्ट टू ऑर्डर करायच्या आधी आधार बदलून घ्या, त्याच क्रमानं, उलट केलं तर दोन्हीकडे खेटे.

तिकीट रद्द करायचं असलं तर चार्ट लागायच्या आत ऑफिसला सांगायचं. आणि कारण काय ते खरं सांगायचं, कारण सरकारी कामामुळं रद्द झालं तर गोष्ट वेगळी, तुमच्या मर्जीनं रद्द केलं तर कापलेले पैसे तुमच्याच पगारातून जाणार. लोक गाडी सुटून गेल्यावर सांगतात आणि महिन्यांनी रिकव्हरी लागली की क्लार्कच्या नावानं ठणाणा. विमानानं गेलात तर बोर्डिंग पास जपा, मोबाईलवर असला तर तिथल्या तिथं स्क्रीनशॉट मारा.

आता क्लार्कची बाजूही ऐका, मी त्याच जातीचा आहे. इंटरनेटचा कॉम्प्युटर वेगळा ठेवावा लागतो, बऱ्याच ठिकाणी सगळ्या ऑफिसात मिळून एकच. त्यावर सकाळी दहाला शंभर चिठ्ठ्या. त्यात कुणी तारीख चुकीची लिहिलेली, कुणी बायकोचं वय अंदाजे टाकलेलं. रेल्वेचं आगाऊ बुकिंग 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आलंय, नोव्हेंबर 2024 पासून, म्हणजे गणपतीची तिकिटं काढायला सगळे एकाच आठवड्यात तुटून पडणार. आणि एवढ्या कामासाठी त्या पोराला शिकवलं कुणी? आधीच्या क्लार्कनं, जाता जाता, अर्ध्या तासात. माझं म्हणणं एवढंच आहे की साहेब लोकांनी हे काम चहाच्या वेळेत उरकायचं काम समजू नये, एक माणूस नीट शिकवून त्याच कामावर ठेवावा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतील.

अजून एक, हे जरा रागानंच लिहितोय. मदत पाहिजे म्हणून पोरं इथं फेसबुकच्या ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाकतात, पीएनआर, नाव, पर्सनल नंबर, युनिट, कधी निघणार, सगळं! 2020 च्या जुलैत सैन्यानं 89 ॲप काढून टाकायला सांगितली होती त्यात हे फेसबुकसुद्धा होतं, ते उगाच नाही. कोण मदतीला येतंय आणि कोण नुसतं वाचतंय तुम्हाला काय कळणार? ओटीपी मागणारा तर मदतवाला नसतोच. मला विचारायचं असेल तर फोन करा, ज्यांच्याकडे नंबर आहे ते करतातच.

भाचा कोर्स करून परत आला, क्लेम घातला, काल तो ऑब्झर्वेशन लागून, म्हणजे त्रुटी काढून, माघारी आला. मूव्हमेंट ऑर्डरवर, म्हणजे जायच्या लेखी हुकुमावर, शिक्का दिसत नाही म्हणे. शिक्का आहे, मी स्वतः बघितलाय, झेरॉक्समध्ये उमटला नाही. म्हणलं आता ओरिजिनल स्कॅन कर, रंगीत, आणि तारखेचा हिशोब ठेव. "बरं मामा" म्हणाला आणि लगेच विचारतो, दिवाळीच्या तिकिटाचं काय?