पत्त्यांवरची चित्रं नंतर बघा, आधी कड बघा

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या किलवरच्या राणीचा एक कोपरा गायब झाला. सोफ्याखाली शोधलं, गादीखाली शोधलं. दुसऱ्या दिवशी तो सापडला. कुठे, ते लहान मुलांच्या आयांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगण्यात अर्थ नाही.

लेक दीड वर्षाची आहे. तिला पत्ते हवे असतात म्हणजे हवेच असतात. आईचा जुना कॅट दिसला की हातातलं सगळं टाकून धावते. मग म्हटलं, तिला तिचेच पत्ते आणून देऊ. इथून माझा छळ सुरू झाला. लहान मुलांच्या पत्त्यांच्या कुठल्याही खोक्यावर बघा, मेंदूचा विकास, शब्दसंपदा, स्मरणशक्ती, सगळं लिहिलेलं असतं. पत्ता किती जाड आहे, हे मात्र शोधून सापडत नाही. अहो, ती आधी तो चावणार आहे, शब्दसंपदा नंतर!

नेहमीचा पत्ता कसा बनतो ते बघितलं तर गंमत कळते. चांगल्या कॅटमध्ये दोन पातळ कागद गडद रंगाच्या गोंदाने एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणजे उजेडाकडे धरला तरी पलीकडचं दिसत नाही. दोन्ही बाजूंना गुळगुळीत लेप असतो. पण पत्ता कापला जातो तो या सगळ्यानंतर, त्यामुळे कड उघडीच राहते. लाळ तिथूनच आत शिरते. कड फुगते, दोन थर सुटतात आणि मग नख घालून सोलायला मजा येते. आमच्या बाईसाहेबांना हा शोध लागायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

लॅमिनेशनचंही तेच. पत्ते आधी कापून, नंतर चारही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर नुसतं प्लॅस्टिक सोडून लॅमिनेट केले असतील तर कड बंद राहते. मोठा ताव लॅमिनेट करून मग कापले असतील तर कड उघडी. विकतच्या पत्त्यांत हा दुसरा प्रकारच माझ्या हाती जास्त आला. घरी करायला गेलं तर पाऊचचे कोपरे टोकदार येतात, ते कात्रीने गोल करत बसा. आणि एकदा का पापुद्रा सुटला, की तो पारदर्शक असतो. तोंडात गेलेला कागद निदान दिसतो, हा दिसतही नाही. सगळं तोंडात घालायचं वय आहे तोवर माझ्या घरी लॅमिनेशन बंद.

पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते घेऊन बघितले. फाटत नाहीत, साबणाने धुता येतात, त्या बाबतीत दहापैकी दहा. पण नव्या पत्त्याची कड बोटाला चांगली लागते, मग ओठाला काय होईल! शिवाय ते फरशीवर पडले आणि त्यावर मोठ्या माणसाचा पाय पडला की माणूस आडवा. मऊ, वाकणारं पीव्हीसी प्लॅस्टिक असेल तर त्यात थॅलेट्स, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करायला घालतात ती रसायनं, आहेत का, हा प्रश्न वेगळाच. युरोप-अमेरिकेत लहान मुलांच्या वस्तूंत ठरावीक थॅलेट्सना ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, ती उगाच नाही. कापडाचेही आणले. ते धुवायला उत्तम, पण हातात लुळे पडतात. तिने एकदा हुंगले आणि सोडून दिले.

शेवटी टिकले ते जाड पुठ्ठ्याचे. बाळांच्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांची पानं असतात तसे, दीड-दोन मिलिमीटर जाड, कोपरे गोल. अमर नाहीत ते. चावून चावून कोपरे लगदा होतातच. पण लगदा व्हायला लागला की दिसतो, आणि तुकडा पडायच्या आत तो पत्ता काढून टाकता येतो. मला एवढंच हवं होतं. जाडीचा आणखी एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता, तो म्हणजे तिला तो फरशीवरून उचलता येतो. पातळ पत्ता गुळगुळीत फरशीवर पडला की तिच्या बोटांना काही केल्या येत नाही. मग ती तो ढकलत ढकलत चटईच्या कडेपर्यंत नेते आणि तिथे उचलते. मी दहा मिनिटं नुसती बघत बसले होते.

खोक्यावर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही अशी ती खूण असते ना, लाल गोलात बाळाचा चेहरा आणि त्यावर रेघ, तिच्याबद्दल थोडं. 'आमचा हुशार आहे, त्याला चालेल' असं म्हणणारे खूप भेटतात. हुशारीचा संबंधच नाही हो. ती खूण मुख्यतः तुकडे घशात अडकण्याबद्दल आहे. त्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. वस्तू त्यात पूर्ण मावली तर ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. अख्खा पत्ता त्यात मावत नाही. फाटलेला कोपरा मात्र आरामात मावतो. आणि अमेरिकेत या नळकांड्याच्या नियमातून कागदाच्या वस्तू वगळलेल्याच आहेत. म्हणून खूण नसली तरी निर्धास्त राहू नका, पत्ता स्वतः ओला करून, वाकवून बघा.

मागे चुंबक असलेले पत्ते भेट म्हणून आले तर सरळ वर ठेवून द्या. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकांना ओढतात, त्यात शस्त्रक्रियेची वेळ येते. पत्ता घातला की बोलणारं यंत्र असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते बघा. त्या यंत्राचा आवाज तुम्हाला किती दिवस सहन होईल, तेही बघा.

आणि अख्खा कॅट देऊ नका. बावन्न पत्ते म्हणजे तिच्या लेखी जमिनीवर ओतायची वस्तू. मी आठच काढते, चार जोड्या. बाकीचे कपाटात, आठवड्याने अदलाबदल. चित्रांची नावं विचारत नाही. एका खोक्याच्या झाकणाला फट पाडली आहे, त्यातून ती एकेक पत्ता आत टाकते, झाकण उघडते, सगळे तिथेच आहेत हे बघून दर वेळी तेवढीच चकित होते.

आईच्या कॅटवरचं प्रेम मात्र गेलेलं नाही. परवा ती राजा हातात घेऊन फिरवत होती. उलटा केला तरी राजा सुलटाच! पुन्हा उलटा केला, पुन्हा सुलटा. माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी लबाडी केली आहे.

कोपरा गेलेली ती किलवरची राणी आता खेळात चालत नाही, कुणाच्या हातात आहे ते पाठीमागूनच कळतं. आईने एका जोकरवर पेनाने 'कि. राणी' लिहून घेतलंय.