स्पेसबार आणि दारूखाना

कोजागिरीला गच्चीवर मुलांना कार्टून दाखवायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बिल्डिंगमध्ये प्रोजेक्टर फक्त माझ्याकडे. झाली प्रस्तावना. कार्टून सात मिनिटांचं होतं. सुरू झालं तेव्हा दूध नुकतं शेगडीवर चढलं होतं, आणि दूध आटून, त्यावर साय धरून, ती साय कोणीतरी गुपचूप खाऊन टाकली तरी कार्टून चालूच. म्हणजे चालू कुठलं, थांबलेलं. आणि हे ज्यांच्यामुळे झालं ते काका परवा लिफ्टमध्ये भेटले तर प्रसन्न हसून म्हणतात, "काय, मजा आली ना त्या दिवशी!"

नाही आली काका.

दाखवत होते 'बकनीअर बनी'. १९४८ सालचं, लूनी ट्यून्स या कार्टून मालिकेतलं, दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग. एकीकडे बग्ज बनी हा ससा आणि दुसरीकडे योसेमिटी सॅम, म्हणजे तो लाल मिशांचा, स्वतःच्या मिशांपेक्षा जेमतेम उंच, बोलणं माहीतच नाही फक्त बोंबलणं माहीत असा बुटका. फ्रेलेंगसाहेब स्वतः बुटके आणि लालसर केसांचे होते, आणि सॅममध्ये थोडे तेच आहेत असं त्यांच्या बरोबरचे लोक म्हणायचे. या कार्टूनमध्ये सॅम समुद्री चाचा आहे. खजिना पुरायला किनाऱ्यावर येतो, तिथे ससा भेटतो, आणि तिथून पुढे शिडाच्या जहाजावर जी काही हाणामारी चालते त्यात कोणी कोणाला काही शिकवत नाही. मी ते निवडलं ते याचसाठी. गच्चीवर चार वर्षांपासून चौऱ्याऐंशीपर्यंतची पब्लिक, इंग्रजी समजो न समजो, तोफ तोंडावर फुटली की सगळे हसणार.

आता काका. काका मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेत. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात आणि ते दरवेळी "कॅप्टन नव्हे, चीफ इंजिनियर" असं सुधारून देतात, वॉचमनला पण देतात. म्हणजे यांचं आयुष्य गेलं टँकरच्या पोटात, इंजिनरूममध्ये, जिथून समुद्र दिसत पण नाही. पण समुद्राचा विषय निघाला की बिल्डिंगमध्ये शेवटचा शब्द यांचाच. त्या दिवशी त्यांनी प्लास्टिकची खुर्ची बरोबर माझ्या लॅपटॉपशेजारी ओढून घेतली, आणि कार्टून सुरू होऊन अर्धा मिनिट होतंय न होतंय तोच त्यांना स्पेसबारचा शोध लागला.

टक्. चित्र थांबलं.

"मुलांनो, मला सांगा. वारा मागून येतोय, शिडं पुढे फुगलीत. मग झेंडा कुठे उडणार?"

"मागे!" सगळी पोरं.

"चूक! पुढेच उडणार. वारा एकच आहे ना? शिडाला एक आणि झेंड्याला वेगळा वारा येतो का? सगळ्या सिनेमांत झेंडा मागे फडकवतात, अक्कल नाही."

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की ते बरोबर आहे. मी डोक्यातल्या डोक्यात बोट मागे-पुढे करून पाहिली, बरोबरच आहे. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला गप्प करता येतं, बरोबर बोलणाऱ्याचं काय करायचं? मी हसून स्पेसबार दाबला. काकांनी लगेच परत दाबला, कारण त्यांना आधीच सांगून ठेवायचं होतं की आता हे लोक डोलकाठीवर टेहळणीचं पिंप दाखवतील, तर ते चाच्यांच्या काळात नव्हतंच, ते व्हेल मारायला उत्तरेला जाणाऱ्या स्कोर्सबी नावाच्या कप्तानाने १८०७ मध्ये काढलं, थंडी वाजू नये म्हणून. पिंप अजून आलं पण नव्हतं हो. बिचारं पिंप.

पुढे एक पोपट आहे. ससा कुठे लपलाय याची चुगली करतो, "तिथे आहे, तिथे आहे" म्हणून ओरडत बसतो, आणि बग्ज त्याला क्रॅकर हवा का विचारून बिस्किटाऐवजी फटाका देतो. इथे पोरं जोरात हसली, खरंच हसली, एक तर गादीवरून लोळत खाली गेला. मला वाटलं चला, गाडी लागली रुळावर. पण नंतर बग्ज ओठ पुढे काढून, कप्तानाचा वेष करून येतो आणि सॅमलाच हुकूम सोडतो ना, तिथे गाडी परत घसरली. तो वेष १९३५ च्या 'म्युटिनी ऑन द बाउंटी' या सिनेमात चार्ल्स लॉटनने केलेल्या कॅप्टन ब्लायचा आहे. हे मला माहीत होतं, मीच सांगणार होते, एका वाक्यात, आणि पुढे जाणार होते.

टक्.

"ब्लाय कॅप्टन नव्हता."

मी म्हटलं, "काका, तो ससा आहे."

"सशाचं नाही गं बोलत मी. बाउंटीवर बंड झालं १७८९ ला, तेव्हा ब्लाय लेफ्टनंट होता. जहाजाचा प्रमुख म्हणून कॅप्टन म्हणायचे, पण हुद्दा लेफ्टनंटचा. आणि हा लॉटन त्याला राक्षस दाखवतो. अरे, बंडवाल्यांनी त्याला उघड्या होडीत सोडून दिला तर त्याने छत्तीसशे समुद्री मैल होडी वल्हवत, शीड लावत तिमोरला नेली! आहे कोणाची छाती?"

छाती कोणाचीच नव्हती. सगळे गप्प. आणि मग ज्याची भीती होती तेच झालं, पहिल्या मजल्यावरच्या पोराने विचारलं, "आजोबा, आपल्याकडे पण पायरेट्स होते का?" दुसरा म्हणाला, "हो, कान्होजी आंग्रे." दूध ढवळणाऱ्या काकूंनी डाव हवेत तसाच धरला. एका मिनिटापूर्वी ज्यांना कार्टून चालू आहे हे पण माहीत नव्हतं ते पाणीपुरवठा कमिटीचे दोघं टाकीमागून उठून आले. "कोण म्हणालं रे पायरेट?" मग काकांनी समजावलं की इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे, कारण आंग्रे दस्तक मागायचे, परवाना नसेल तर जहाज अडवायचे, आणि इंग्रजांना परवाना घ्यायचा नव्हता. स्वतःच्या समुद्रात स्वतः कर वसूल करणं याला चाचेगिरी म्हणत असतील तर आपल्या टोलनाक्यांना काय म्हणायचं, असं कोणीतरी म्हणालं आणि चर्चा कुलाब्याच्या किल्ल्यावरून जी निघाली ती द्रुतगती मार्गावर गेली. पडद्यावर ससा तोंड वासून, बोट वर करून, जिथे थांबवला तिथेच. कोजागिरीचा चंद्र तेवढ्यात टाकीच्या वर आला आणि सशाचा अर्धा रंगच उडाला.

इथपर्यंत पण मी सहन केलं, कारण खरा प्रसंग पुढे होता. या कार्टूनमध्ये एक काडीचा प्रसंग आहे. बग्ज पेटती काडी टाकतो खाली दारूगोळ्याच्या कोठारात. सॅम जिवाच्या आकांताने धावत जातो, काडी विझवतो, वर येतो. बग्ज परत टाकतो. सॅम परत धावतो. मग सॅम सांगून टाकतो की आता टाकलीस तर मी काही जाणार नाही. बग्ज टाकतो. आणि सॅम खरंच जात नाही! मला काय त्याचं, असा चेहरा करून तो डेकवर चक्क खेळत बसतो. खेळतोय, खेळतोय, घाम फुटलाय, डोळे त्या भोकाकडे जातायत आणि तो ते ओढून परत आणतोय. काहीही होत नाही. सगळा विनोद त्या काहीही न होण्यात आहे. फ्रेलेंग म्हणे विनोदाचं टायमिंग संगीताच्या बार शीटवर लिहायचे, कुठे पाऊल पडणार, कुठे गप्प बसायचं, हे सगळं मात्रा मोजून. आणि संगीत कार्ल स्टॉलिंगचं, जो मूकपटांच्या काळात थिएटरात बसून पडद्याकडे बघत ऑर्गन वाजवायचा. सात मिनिटं म्हणजे सेकंदाला चोवीस याप्रमाणे दहा हजारांवर फ्रेम होतात, आणि या माणसांनी त्यातल्या कितीतरी फ्रेम एका बुटक्याच्या धीर सुटायच्या आधीच्या शांततेवर खर्च केल्यात. त्या शांततेत एक फ्रेम इकडची तिकडे झाली तर गेलं.

सॅम खेळत बसला. गच्चीवर सन्नाटा. गादीवरची सगळी पोरं माना पुढे काढून. मी काकांच्या बोटाकडे बघतेय. पुष्कराजची अंगठी घातलेलं ते बोट, कीबोर्डच्या दोन इंच वर, थरथरतंय. मी मानेने नाही म्हटलं. डोळ्यांनी नाही म्हटलं.

टक्.

"हे साफ अशक्य आहे," काका म्हणाले. "दारूचं कोठार कधी असं वरून उघडं नसतं. पाण्याच्या पातळीखाली, जहाजाच्या तळाशी असतं. लोखंडाची वस्तू आत न्यायची नाही, ठिणगी पडेल, सगळं तांब्याचं. पायात मऊ सपाता. दिवा पण आत नाही, बाजूला वेगळी खोली, मध्ये काच, काचेतून उजेड. काडी टाकतोय म्हणे! मी स्वतः पाहिलंय. पोर्ट्समथला. व्हिक्टरीवर."

"तुम्ही व्हिक्टरीवर होता आजोबा?" पोरांचे डोळे बशीएवढे.

"अर्थात. नेल्सन जिथे पडला तिथे उभा होतो."

व्हिक्टरी, म्हणजे इंग्रज आरमाराच्या नेल्सनची लढाऊ बोट, १९२२ पासून कोरड्या गोदीत उभी आहे, तिकीट काढून बघायची असते. म्हणजे या माणसाचा शिडाच्या जहाजाचा जो काय अनुभव आहे तो जमिनीवरचा आहे, रांगेत उभं राहून घेतलेला. पण हे मी कोणाला सांगणार? पोरं माझ्या बाजूची उरलीच नव्हती, खुर्चीभोवती गोळा झाली होती. कोणी विचारतंय दारू म्हणजे पप्पांची का, कोणी विचारतंय सपाता का, आणि काका सांगतायत की आपल्या मुंबईत पण दारूखाना आहे, रे रोडला, तिथे जुनी जहाजं तोडतात, एकदा घेऊन जाईन. आणि सॅम तिकडे पडद्यावर घामाघूम, एक डोळा भोकाकडे, तसाच अडकलेला, काडी खाली जळतेय असं निदान मला तरी वाटत होतं.

मला राग कशाचा येतो सांगू का. या पोरांना सोमवारी अबॅकस, मंगळवारी रोबोटिक्स, बुधवारी कराटे, गुरुवारी परत अबॅकस. गणपतीत प्रश्नमंजूषा. होळीला पर्यावरणावर पाच मिनिटं. पतंग उडवला तर कोणीतरी लिफ्ट आणि ड्रॅग समजावून सांगतं. वर्षातून एक संध्याकाळ, त्यातली सात मिनिटं, नुसता एक बुटका तोंडावर आपटताना बघायचा होता. त्यातून काही घ्यायचं नव्हतं. पण आपल्याकडे मूल नुसतं हसताना दिसलं की मोठ्यांना कसंतरीच होतं, वेळ वाया चालल्यासारखं वाटतं, आणि कोणीतरी उठून त्याला माहिती देतं. मग ते मूल मोठं होतं, कमिटीवर येतं आणि पाण्याच्या टाकीमागे उभं राहून टोलबद्दल बोलतं.

असो. मी म्हटलं काका, एवढं शेवटचं अर्धा मिनिट होऊन जाऊ दे, सॅमचा धीर सुटतो, तो धावत सुटतो, धडाम, आणि मग तुम्ही बोला सकाळपर्यंत. काका म्हणाले हो हो, लाव ना, मी कुठे अडवतोय. आणि मी स्पेसबार दाबणार तेवढ्यात त्या पहिल्या मजल्यावरच्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला खलाशांच्या गाठी येतात?"

येतात. बोलाईन नावाची गाठ येते, जी ताणाखाली सरकत नाही आणि तरी सोडवायला सोपी. दाखवायला दोरी हवी होती. दोरी नव्हती. काकांनी इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्या लॅपटॉपची चार्जरची वायर उपटली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी गेल्या पावसाळ्यात गेलीय, तो वायरीवरच जगतो. पडदा काळा.

जहाज फुटलंच नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या सतरा-अठरा पोरांच्या मते योसेमिटी सॅम जिवंत असून डेकवर खेळत बसलाय. त्यातल्या एकाने पण विचारलं नाही पुढे काय झालं. सगळी वायरीच्या वेढ्यात डोकी घालून बसली होती, आणि गाठ झाली तेव्हा टाळ्या पडल्या, माझ्या चार्जरच्या गाठीला. सोडवायला सोपी म्हणे. मी घरी आणून जेवणाच्या टेबलावर अर्धा तास सोडवत होते, शेवटी नवऱ्याने पक्कड आणली.

काल ग्रुपवर मेसेज आला. मुलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद पाहून कमिटीने ठरवलंय की पुढच्या महिन्यात काकांचं सचित्र व्याख्यान, 'शिडाची जहाजे : ज्ञात आणि अज्ञात', कालावधी दोन तास, चहा-बिस्किटं. खाली पंधरा अंगठे, सात हात जोडलेले. त्याखाली माझं नाव टॅग करून लिहिलंय, प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि एक जास्तीची वायर यांची व्यवस्था ताई करतील. आणि वेगळ्या ओळीत: कृपया या वेळी कार्टून नको.