रेट क्या है?

टेक्सासमधल्या अमारिलोच्या ट्रक स्टॉपवर परवा डिझेलच्या पंपाने मला विचारलं, कंपनीचं नाव? मी पत्नीकडे पाहिलं. ती म्हणाली, "जोशी टाका." टाकलं. मग ट्रक नंबर, मग ट्रेलर नंबर, मग ट्रिप नंबर. मोटारींच्या पंपाकडे हे धूड वळवता येत नाही, म्हणून इथे आलो. नाहीतर हौस नव्हती.

थोडक्यात सांगतो. निवृत्तीनंतर 40 फुटी फिफ्थ व्हील कॅम्पर घेतला, म्हणजे गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर. पिकअपने ओढला तर उतारावर तोच पिकअपला ढकलायचा. म्हणून व्होल्वोचा जुना सेमी ट्रक, म्हणजे मालाचे ट्रेलर ओढणारा, घेतला आणि आठ महिने त्याचा कायापालट केला. मागच्या दोन एक्सलपैकी एक काढला, कॅम्परची पिन बसेल अशा उंचीची हिच, म्हणजे जोडणी, लावली. ट्रकचे ब्रेक हवेचे, कॅम्परचे विजेचे, तेव्हा वेगळा कंट्रोलर आला. ट्रकच्या मागे ब्रेकचा दिवा वेगळा आणि इंडिकेटर वेगळा, कॅम्परला दोन्ही एकाच बल्बात. या दोघांची पत्रिका जुळवायला एक डबी मिळते. ती जळली. दुसरी आणली.

तर मी ट्रिप नंबरच्या जागी काय टाकावं या विचारात, आणि मागे हॉर्न. मागच्या ट्रकमधून एक सरदारजी उतरले. पायात चपला, हातात चहाचा स्टीलचा ग्लास. एक्सल काढलेल्या जागेपाशी थांबले, वाकून पाहिलं, घरात मयत असल्यासारखा चेहरा केला.

"पाजी, दूसरा एक्सल?"

"निकाल दिया."

"खराब था?"

"नहीं, अच्छा था."

यावर त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग कॅम्परला प्रदक्षिणा घातली, खिडकीच्या पडद्याला नाक लावलं. आत आमचा कुकर ओट्यावरच होता.

"लोड क्या है?"

"घर है."

"किसका?"

"मेरा."

"अच्छा, अच्छा. रेट क्या है? पर माइल?"

"कुछ नहीं. मैं ही देता हूँ."

सरदारजींनी ग्लास माझ्या ट्रकच्या पायरीवर ठेवला. "मतलब पूरा डेडहेड? जाना भी, आना भी?" रिकाम्या ट्रकने मैल तोडणं याला हे लोक डेडहेड म्हणतात आणि तो शब्द साडेसातीसारखा उच्चारतात. मी मान हलवली. त्यांनी फोन काढला, कुणालातरी व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा माझ्यावर धरला. "ओए, वेख! घर खिच रेहा है, रेट ज़ीरो!" पलीकडून तीन जण हसले. मी हात हलवला. दुसरं काय करणार?

ते हसले त्याचं काही नाही. आदल्या रात्रीचं मात्र अजून सलतंय. एका कॅम्पग्राउंडवर पैसे भरून जागा राखलेली, आणि काउंटरवरच्या बाई ट्रक पाहून म्हणाल्या, कमर्शियल गाड्या चालत नाहीत. मी म्हटलं, बाई, हा खाजगी आहे, टेक्सासचं क्लास ए, म्हणजे जड ट्रक-ट्रेलरचं, लायसन्सही खाजगी वापराचंच आहे, परीक्षा देऊन काढलंय. बाई म्हणाल्या, दिसतो कमर्शियल. शेजारी 45 फुटी बसएवढं मोटरहोम ऐटीत उभं होतं, त्याला 'सर'. विम्यासाठी फोन केला तर तिकडेही तेच: माल कोणता वाहता? चादरी आणि लोणचं म्हटलं तर पलीकडची मुलगी गप्पच झाली. ट्रकवाल्यांत आम्ही हौशी, कॅम्परवाल्यांत आम्ही ड्रायव्हर. पुण्याला सासूबाईंनी तर शेजाऱ्यांना सांगितलंय, जावई वाहतूक क्षेत्रात सल्लागार आहेत.

असो. सरदारजींनी जाताना माझा नंबर घेतला, आमच्या हिला दोन आलू पराठे दिले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. ते थोपटणं सांत्वनाचं होतं, हे मला गाडी सुरू केल्यावर कळलं.

आज सकाळी त्यांचा मेसेज आला. प्याज आहे, 42,000 पाउंड, अल्बुकर्की ते डॅलस. एक्सल परत लाव, घर भावाच्या अंगणात ठेव.

मी तो हसत हसत हिला वाचून दाखवला. ही पराठा गरम करत होती. म्हणाली, "रेट विचारलात का?"