एक ऊन वीस

बालभारतीच्या पाचवीच्या गणितात पहिलाच धडा रोमन संख्याचिन्हांचा. म्हटलं, चला, जून तरी सुखाचा जाणार. आय, व्ही, एक्स एवढ्याशा तीन अक्षरांना असा कितीसा वेळ लागतो! तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते.

देवघरातली काडेपेटी आणून सतरंजीवर काड्या मांडल्या. तीनपर्यंत चिरंजीव झोकात गेले. चौथी काडी ठेवायला निघाले, तसा मी हात धरला.

"तीनच्या वर नाही. पाच मांड आणि डावीकडे एक ठेव. पाचातून एक गेला."

"पण काड्या शिल्लक आहेत की!"

शिवाय त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. आजोबांच्या घड्याळात चाराच्या जागी चक्क चार उभ्या रेघा! चाळीस वर्षं त्यात वेळ बघतोय, कधी लक्षातच आलं नाही. मोबाइलमध्ये शोधलं, तर रोमच्या कोलोसियमच्या ४४ नंबरच्या दारावरही शेवटी चार रेघाच. 

"म्हणजे माझं बरोबर?"

"कोलोसियमचं बरोबर. तुझं चूक."

एवढ्यात आई मदतीला आली. "सोपं आहे रे. एकोणीस म्हणजे काय? एक ऊन वीस. विसाला एक कमी. ते रोमन तरी वेगळं काय करतात?"

मला आईचा अभिमान वाटला. तो दोन मिनिटं टिकला. चिरंजिवांनी विसाचे दोन एक्स मांडले आणि त्यांच्या डावीकडे ऐटीत एक काडी ठेवली. एक ऊन वीस!

"असं नाही. आधी दहा, मग नऊ."

"मग त्याला दहानऊ म्हणा ना, एकोणीस कशाला? आणि आजी, नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

आईला अचानक दूध ऊतू जाण्याची आठवण झाली.

साडेनऊला एकोणतीस एकदाचे बरोबर मांडून झाले: दोन एक्स, एक आय, एक एक्स. काड्या तशाच टाकून आम्ही झोपलो.

सकाळी आईला निरांजन लावायला काडी हवी होती. तिने सतरंजीवरून नेमकी ती मधली आय उचलली. चिरंजीव डोळे चोळत आले आणि तीन एक्सकडे बघत राहिले.

"बाबा, काडी कमी झाली आणि एकोणतीसचे तीस झाले!"

मी उत्तर जुळवत होतो, तोवर तो देवघराकडे पळाला.

"आजी, अजून एक घे!"