टेप रिपेरी

काल कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या गेटवर, रजिस्टरातल्या 'कामाचे स्वरूप' या रकान्यात, वॉचमननं माझ्या नावापुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं : टेप रिपेरी.

"अहो, नेटवर्क बॅकअप सर्व्हर आहे. त्याचा ड्राइव्ह..."

"त्यात टेपच अडकलीया न्हवं?"

"हो, पण..."

"मग? करा सही."

केली सही. वर पाऊस, मागं हॉर्न वाजवणारा भंगाराचा टेम्पो. अशा वेळी माणूस आपल्या हुद्द्यासाठी किती भांडणार?

दुखणं साधं होतं. रात्री नेटवर्कवरनं अकौंट्स, कास्टिंगची ड्रॉइंग आणि पगारपत्रक असं सगळं एका लिनक्स सर्व्हरवर गोळा होतं आणि तिथनं एलटीओ-६ टेपवर, म्हणजे डाटा साठवायच्या कॅसेटवर, उतरतं. तीन रात्री ते अर्ध्यात पडत होतं. "मशीन काहीच दाखवत नाही," असं फोनवर सांगण्यात आलं होतं. जाऊन बघतो तर ड्राइव्हच्या, म्हणजे ती टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या यंत्राच्या, तोंडावरच्या इवल्याशा खिडकीत ठसठशीत 'सी' पेटलेला. या बनावटीच्या ड्राइव्हवर 'सी' म्हणजे क्लीन. मला साफ करा, बास. सहा आला तर दोष ड्राइव्हचा नाहीतर टेपचा. सात आला तर टेपचाच. आठ आला तर केबल आणि कार्डाकडं बघायचं, आणि मशीन सुरू करताना आधी ड्राइव्ह, मग सर्व्हर हा क्रम पाळलाय का ते विचारायचं. एका अक्षरात एवढं स्वच्छ बोलणारा प्राणी अख्ख्या फौंड्रीत दुसरा नसेल. पण ऐकतो कोण?

बॅकअपचे प्रमुख म्हणजे आण्णा. आण्णा मूळचे स्टोअर्सचे. आयटीचा पोरगा पुण्याला गेला आणि सर्व्हर रूमची किल्ली आण्णांच्या जुडग्यात आली. किल्ली आली म्हणून खातं आलं. सर्व्हर रूममध्ये आण्णांची ओली छत्री उघडून वाळत घातलेली होती. एसी बंद, कारण "छत्री वाळंना." दार सताड उघडं आणि दारापासून चाळीस पावलांवर मोल्डिंगची वाळू.

"आण्णा, क्लिनिंग टेप आहे का?"

"हाय की. रोज लावतुया."

"रोज?"

"सकाळी आलं की आदी उदबत्ती, मग क्लिनिंग, मग च्या."

इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे. क्लिनिंग टेप दिसायला इतर टेपसारखीच, पण आत किंचित खरखरीत फीत असते. ती ड्राइव्हच्या हेडवरनं, म्हणजे फीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागावरनं, घासत जाते. एक कार्ट्रिज साधारण ५० वेळा चालतं आणि किती वेळा वापरलं ते त्याच्याच कोपऱ्यातल्या चिपमध्ये नोंदलं जातं. कोटा संपला की ड्राइव्ह ते घेऊन बघतो आणि तसंच परत बाहेर देतो. ते लावायचं ड्राइव्हनं मागितल्यावरच, रोजच्या नेमानं नाही. आण्णांनी एप्रिलात आणलेलं कार्ट्रिज रोजच्या हिशोबानं जूनच्या सुरुवातीलाच संपलं होतं. त्यानंतरचे दीड महिने क्लिनिंग या नावाखाली नुसतं टेप आत, टेप बाहेर असं चाललं होतं.

"आण्णा, ही संपलीय. मशीन बाहेर फेकतंय हिला."

"फेकत न्हाई ओ. साफ झालं म्हणून भायेर येती."

"साफ व्हायला दोनेक मिनिटं लागतात. ही लगेच येते. आणि साफ झालं असतं तर तो 'सी' गेला नसता का?"

आण्णांनी 'सी'कडं पाहिलं. "त्यो तर कंपनीचा शिक्का हाय न्हवं?"

मग मी शांतपणे, म्हणजे दात खाऊन, समजावलं की रोज घासून हेड झिजतं, आणि नवीन ड्राइव्हच्या किमतीत बरी सेकंडहँड मोटारसायकल येईल.

"दात रोज घासतोच की आपण," आण्णा म्हणाले. "झिजल्यात का?" आणि त्यांनी दाखवले. शाबूत होते. माझे दोन रूट कॅनाल झालेत, त्यामुळं मुद्दा सोडला.

पण आण्णा सोडणार नव्हते. त्यांनी खिशातनं पेन्सिल काढली. "मी तर म्हणलं, ढिली पडली आसंल, पेन्सिल घालून गुंडाळावी. जुन्या कॅशेटला करायचो तसं. पर हिला भोकच एक. आन् तेबी खालच्या अंगाला."

बरोबरच होतं त्यांचं निरीक्षण. गाण्याच्या कॅसेटमध्ये दोन चाकं असतात, एलटीओत एकच. तळहाताएवढा चौकोनी डबा, आत अर्धा इंच रुंद फितीचं एकच रीळ आणि फितीच्या टोकाला धातूची बारीक पिन. कडेला सरकतं झाकण. ड्राइव्ह ते झाकण उघडतो, पिन पकडतो आणि फीत आत ओढून आपल्या पोटातल्या दुसऱ्या चाकावर गुंडाळतो. काम झालं की सगळी परत डब्यात. एलटीओ-६ ची फीत ८४६ मीटर असते. डबा हातातनं पडला असेल तर आधी ते झाकण बोटानं सरकवून पिन जागेवर आहे का बघावं. वाकडी बसलेली पिन तशीच आत घातली तर फीत ड्राइव्हमध्ये अडकते, मग पेन्सिल सोडा, पकड घेऊन बसलात तरी भागत नाही.

आण्णांनी सगळं मन लावून ऐकलं. "म्हंजे जमीन मालकाची, आन् कसायला कुळाकडं."

"तसंच."

"आन् कुळानं परत न्हाई दिली तर?"

टेप अडकणे या प्रकाराची याहून नेमकी व्याख्या मला अजून भेटलेली नाही, हे कबूल करायला जीव जड होतो.

एव्हाना माझं लक्ष शुक्रवारच्या टेपकडं गेलं होतं. तिच्यावर कुंकू. अगदी रेखीव बोट. बारकोडचं लेबल जिथं बसायला पाहिजे त्या खाचेच्या वर आणखी एक '॥ श्री ॥'चा स्टिकर. "खंडेनवमीला समद्या मशिनींची पूजा आसती. फर्नेसला केली, लेथला केली, मग हिनं काय घोडं मारलंय?" भावना शंभर टक्के मान्य. पण कुंकू ही भुकटी आहे, ती ड्राइव्हच्या उबेत हेडपर्यंत जाते. जादा स्टिकरचा कडेला सुटलेला डिंक आत चिकटतो, आणि आपोआप टेप बदलणारं मशीन असेल तर त्याचा हात तिथंच अडकतो. हळदकुंकू कपाटाला लावा. आत काडीला स्पिरिटचा बोळा लावून पुसणं नको, तोंडानं फुंकणं तर नकोच. फुंकरीत थुंकी असते.

पुढचं काम खरं म्हणजे अर्ध्या तासाचं. माझ्याकडची नवी क्लिनिंग टेप एकदा लावली, 'सी' गेला. त्यानंतर लगेच महत्त्वाची टेप घालायची नसते. घाण हेड चांगल्या टेपची वाट लावतं आणि खराब टेप चांगल्या हेडची. त्यामुळं संशयित ड्राइव्हला आधी कोरी, वाया गेली तरी चालेल अशी टेप द्यायची. ती नीट लिहिली, वाचली. मग सोमवारची, तीही ठीक. मग शुक्रवारची घातली आणि खिडकीत सहा. लॉगमध्ये 'मीडियम एरर'. सेन्स की, म्हणजे चूक कोणत्या जातीची ते सांगणारा ड्राइव्हचा आकडा, तीन आली तर टेपच्या पृष्ठभागाशी भांडण, चार आली तर हार्डवेअरशी, सात आली तर बहुतेक कुणीतरी राइट-प्रोटेक्टची, म्हणजे टेपवर लिहिणं बंद करणारी, खिट्टी सरकवलेली असते आणि तुम्ही तासभर उगाच केबल बदलत बसता. नियम गावठी आहे पण चुकत नाही : एकच टेप सगळीकडं रडत असेल तर टेप खराब, एका ड्राइव्हवर सगळ्याच टेपा रडत असतील तर ड्राइव्ह खराब. शुक्रवारची बाद.

"हीच का गेली?" मी विचारलं.

"ती घरी आसती. तुमच्या त्या पोरानंच सांगितलं, एक टेप भायेर ठेवायची. स्कूटरच्या डिकीतनं न्हेतो शनवारी, सोमवारी आणतो आन् लगीच लावतो."

डिकीत खाली भाजी, वर रेनकोट, मध्ये कंपनीची सगळी ड्रॉइंग. टेप बाहेरच्या हवेतनं आणली की खोलीत चोवीस तास ठेवून मगच लावायची, नाहीतर दमट फीत हेडला चिकटते. आणि आण्णा राहतात शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते इथं कुणाला नव्यानं सांगायला नको, तेव्हा शिरोलीजवळ हायवेसुद्धा पाण्यात होता. फौंड्रीतली प्रत बुडाली तर असावी म्हणून दुसरी ठेवली, ती पुराच्या पेठेत. शुक्रवारची टेप शुक्रवार पेठेत, एवढाच काय तो यात हिशोब.

तरी हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण जाता जाता सोमवारच्या टेपवरनं एखादं ड्रॉइंग परत काढून बघू म्हटलं, वेगळ्या फोल्डरमध्ये. ड्रॉइंग नव्हतं. अकौंट्सही नव्हते. होतं फक्त पगारपत्रक.

कारण स्क्रिप्टमध्ये होतं. लिनक्समध्ये त्याच ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी-शून्य आणि एनएसटी-शून्य. पहिलं आपल्या लाल एसटीसारखं : फेरी संपली की गाडी परत डेपोत, म्हणजे टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसरं थांबलं तिथंच उभं राहतं. एका टेपवर तीन कामं पाठोपाठ लिहायची तर दुसरंच पाहिजे. कुणीतरी पहिलं लिहिलं होतं. त्यामुळं रोज रात्री अकौंट्स लिहिलं जायचं, टेप सुरुवातीला. त्यावर ड्रॉइंग, टेप सुरुवातीला. त्यावर पगारपत्रक. नव्या मजकुराच्या शेवटी शेवटाची खूण पडते आणि तिच्या पुढचं ड्राइव्ह वाचतच नाही. आणि हे तीन रात्रींचं दुखणं सुरू होईपर्यंत रोज सकाळी मेल : तिन्ही कामं यशस्वी. मेल खोटी नव्हती. तिन्ही लिहिली गेली होती, एकाच पाटीवर.

एक 'एन' वाढवायला चार सेकंद लागले. तो 'एन' नसताना किती महिने गेले हे मी मोजलं नाही, मोजून मला कुणी पैसे देणार नव्हतं. या धंद्यात बॅकअप घेतला का हे सगळे विचारतात. परत काढून बघितला का, हे आगीच्या नाहीतर पुराच्या दुसऱ्या दिवशी विचारतात, आणि तेही ओरडून.

बरं, ड्रॉइंगची आणखी एक भानगड. बारीक बारीक लाखभर फायली नेटवर्कवरनं ओढल्या की वेग पार पडतो. हा ड्राइव्ह सेकंदाला १६० एमबी पचवणारा, गिगाबिट वायरीतनं फार तर ११० येतात, आणि अशा बारीक फायली असल्या की वीस-तीसच. ड्राइव्ह थोडा हळू होऊन जुळवून घेतो, पण एका मर्यादेखाली नाही. मग थांबायचं, मागं जायचं, परत पळायचं. आमच्यात याला शू-शाइनिंग म्हणतात, बुटावरच्या फडक्यासारखी फीत हेडवर पुढंमागं. झीज दोघांची. म्हणून आधी सगळं सर्व्हरच्या डिस्कवर गोळा करायचं आणि मग एका दमात टेपवर सोडायचं. २.५ टीबीची टेप पूर्ण भरताना ड्राइव्ह ती फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत १३६ वेळा नेतो. गुणाकार केला तर ११५ किलोमीटर, जवळपास बेळगाव. सव्वाचार तासात. उसाचा ट्रॅक्टर बरा चालला तर एवढ्याच वेगानं जातो, आणि त्यालाही मध्ये मध्ये मागं घेत नाहीत.

हे सगळं मी मालकांना सांगितलं. पगारपत्रकाचंही. त्यांनी चहा मागवला, खिडकीतनं पाऊस बघितला आणि विचारलं, "पण आता तो सी गेला न्हवं?"

"गेला."

"मग झालं की. आण्णा रोज साफ करतात म्हणून एवढं तरी टिकलं म्हणायचं."

आण्णा नम्रपणे खाली बघत उभे होते.

गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढं केलं आणि टेबलाखालनं एक जुना टेपरेकॉर्डर काढला. आवाज घोगरा येतोय म्हणाला. माझ्या बॅगेत स्पिरिट होतं, काडी होती, आणि आण्णांची पेन्सिल चुकून माझ्या खिशात आली होती. हेड पुसलं, रबरी रोलर पुसला, सैल फीत पेन्सिलनं आवळली. पाच मिनिटांत भजन स्वच्छ. त्यानं शेवटच्या रकान्यात लिहिलं : रिपेरी झाली, चांगली वाजती.

फौंड्रीचं बिल आज परत आलंय. वर पेन्सिलनं शेरा : एका टेपसाठी एवढे? अक्षर आण्णांचं वाटतं.